येसाक्काची हिरवी बांगडी

फार मागची गोष्ट सांगते. किती मागची ते विचारू नका, मी तेव्हा नव्हते, आणि जे होते त्यांनी वर्षं मोजून ठेवली नाहीत. उंबरखोऱ्यात तेव्हा गाडीरस्ता नव्हता. घाट पायी उतरायचा, आणि उतरताना धुकं असं दाटायचं की पुढच्याची पाठ दिसायची नाही. गुरं धुक्यात चरायची, माणसं धुक्यात हाका मारायची आणि कुणाची हाक कुणीकडून आली ते कळायचं नाही. त्या धुक्यातून महिन्यातून एकदा किणकिण ऐकू यायची. आधी नुसती किणकिण, मग पुष्कळ वेळानं दोन खांद्यांवर बांगड्यांच्या माळा घेतलेली एक ठेंगणी बाई. ती येसाक्का कासारीण.

मागं बसून कुजबुजताय त्यांनी पुढं या बघू. ही गोष्ट मी घसा ताणून सांगणार नाही.

येसाक्कानं कधी कुणा बाईला बांगडीचं माप विचारलं नाही, असं म्हणतात. ती समोरचीचा हात हातात घ्यायची, चार बोटं जवळ आणून दाबायची, डोळे मिटायची आणि माळेतून नेमकी बांगडी काढायची. तिला हातावरून सगळं कळायचं. कोण माहेरी जाऊन आलंय, कोण भांडून आलंय, कुणाच्या पोटात सकाळपासून घास नाही. एकदा एका नव्या नवरीचा हात धरून ती म्हणाली, "पोरी, तुला दिवस गेलेत." आणि त्या पोरीला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता!

आता दुसरी गोष्ट ऐका, ती गोड नाही. उंबरखोऱ्यात पोरं वाळायची. अंगावरचं दूध तुटलं की चांगलं रांगतं, हसतं पोर सुकत जायचं. हातपाय काटकुळे, डोळे खोल, पोट तेवढं पुढं. आणि खोऱ्यावर एक मोठी घार घिरट्या घालायची. तिची सावली अंगणाअंगणांतून सरकत जायची. ती सावली ज्या पोरावर पडली ते वाळलं, असं गाव धरून चालायचं.

त्यावर उपायही ठरलेला होता. पोराला माजघराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. एकवीस दिवस दार लावून घ्यायचं, म्हणजे घारीला ते दिसणार नाही. आणि खायला काही द्यायचं नाही, कारण पोराला दिलेलं सगळं ती सावलीच खाते. पेजेवरचं पाणी तेवढं पाजायचं. सावली उपाशी राहिली की कंटाळून निघून जाते म्हणे! सावली जायची की नाही ते देवाला ठाऊक, पोर मात्र जायचं. मला हे सांगताना अजून राग येतो. पण करायचा कुणावर? त्या आया काही वैरिणी नव्हत्या. एक पोर गेलं की भिंतीवर डोकं आपटून रडायच्या, आणि दुसरं वाळलं की त्यालाही त्याच खोलीत नेऊन ठेवायच्या.

मग एकदा सरकारला आमच्या खोऱ्याची आठवण झाली. आरोग्याची माणसं घाट उतरून आली. एक तरुण डॉक्टरीणबाई, दोन शिपाई, एक कर्णा आणि गुंडाळून आणलेले चित्रांचे मोठाले तक्ते. पारावर तक्ते टांगले. एकावर गुबगुबीत बाळ होतं आणि शेजारी त्याची आई वाटी-चमचा घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाई तीन दिवस कर्ण्यातून बोलल्या. प्रथिनं म्हणाल्या, जीवनसत्त्वं म्हणाल्या. लोक माना डोलवत होते. आमच्या गावाला मान डोलवायला फार आवडतं, अजूनही आवडतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या बायका न्हाऊनधुऊन पारावर आल्या. हातात आघाड्याच्या माळा, दुर्वा, फुलं. श्रावणात आपण जिवतीचा कागद भिंतीला लावतो ना, पोराबाळांना राखणाऱ्या देवीचा? तसाच हा थोरला कागद सरकारनं धाडलाय, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. त्यांनी तक्त्यातल्या आईला हळदीकुंकू लावलं, बाळाच्या कपाळावर टिळा ओढला, माळ घातली आणि पुरणाचा निवद दाखवला. शिपाई बघत राहिले. त्या निवदातलं बोटभर पुरणसुद्धा अंधारात निजलेल्या एकाही पोराच्या तोंडी पडलं नाही.

डॉक्टरीणबाई तिथून उठल्या त्या सरळ घाटाच्या पायथ्याशी जाऊन एका दगडावर बसल्या आणि रडायला लागल्या. धुकं उतरत होतं. किणकिण ऐकू आली आणि येसाक्का त्यांच्या शेजारी येऊन टेकली.

"रडू नका बाई," येसाक्का म्हणाली. "गाव वाईट न्हाई. त्यास्नी ऐकून कळत न्हाई, एवढंच. हाताला लागलं म्हंजी कळतं."

"हाताला काय लावू मी त्यांच्या?" बाई म्हणाल्या. "पोर वाळायला लागलं की आधी दंड बारीक होतो. पोट फुगतं, कधी तोंडही सुजतं, आईला वाटतं पोर भरलंय. दंड खोटं सांगत नाही. पण मी फीत काढली की बायका पोरांना उचलून पळतात. म्हणतात, मापं घेतली की आयुष्य कमी होतं."

येसाक्कानं खांद्यावरची माळ काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "फितीला भितील. बांगडीला कोण भितंय?"

बाईंनी डोळे पुसले. एकेक बांगडी पट्टीवर ठेवून पाहिली, आणि शेवटी एक लहानशी हिरवी काचेची बांगडी निवडली. वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या पोराच्या हातात ही घालायची आणि हळूच वर सरकवायची. कोपराशी अडली तर पोर ठीक आहे. कोपर ओलांडून दंडावर गेली तर पोराला अन्न कमी पडतंय. मग त्याला काय द्यायचं, तेही बाईंनी सांगितलं. नाचणीची घट्ट लापशी, त्यात गूळ, कुटलेले शेंगदाणे, चमचाभर तेल. जमेल तेव्हा अंडं, जमेल तेव्हा दूध. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. हगवण लागली तरी खाणं तोडायचं नाही, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठसाखर घालून पाजत राहायचं. येसाक्कानं ते सगळं तीनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आरोग्याची माणसं घाट चढून गेली, आणि गावानं त्यांना वाजतगाजत पोहोचवलं!

ती बांगडी काचेची होती, तरी कधी वाढली नाही. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, एवढं तुम्हाला ठाऊक असेल. ती दगडावर पडली तरी नुसती वाजायची. आणि वाळलेल्या पोराच्या हातात गेली की येसाक्काच्या अंगाखांद्यावरच्या सगळ्या माळा एकदम गप्प व्हायच्या, वारा असला तरी, असं म्हणतात.

येसाक्का बांगड्या भरायला बसली की आधी म्हणायची, "आण गं तुझं लेकरू, त्याला येसाक्काची बांगडी लावूया." बायका हौसेनं आणायच्या. पहिल्याच घरी बांगडी सरळ दंडावर गेली. येसाक्का पटकन बोलून गेली, "ह्याला सावली न्हाई गं, भूक लागलीया!" तिचीही चूकच झाली म्हणा. शेजारणी तिथंच बसल्या होत्या. तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं की अमक्याच्या घरी पोर उपाशी ठेवतात. त्या घराचं नाक कापलं गेलं. पुढच्या खेपेला काय होणार ते दिसतंच आहे.

पुढच्या खेपेला प्रत्येक घरात पोर गुबगुबीत! येसाक्का चकित झाली. पहिल्या घरात टोपडं घातलेला गोरागोमटा मुलगा, बांगडी कोपराच्या खालीच अडली. दुसऱ्या घरात काजळाची मोठी तीट लावलेला. तिसऱ्या घरात परकर नेसवलेली मुलगी, नाव म्हणे शेवंता. चौथ्या घरात पोर झोपलेलं, पाचव्या घरात पेंगुळलेलं. सहाव्या घरात येसाक्का उंबऱ्यात दिसताच पोरानं हसून स्वतःचाच हात पुढं केला. तो गवळ्याचा बाजी होता. गावात तेवढं एकच गुटगुटीत पोर, दूध पिऊन वाढलेलं, आणि बायका परसामागून त्याला घरोघर फिरवत होत्या. येसाक्का इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. मग येसाक्काचं हसू हळूहळू थांबलं.

"सहा घरांत बाजी," ती म्हणाली. "मग ह्या सहा घरांतली पोरं कुठं हायत?"

बायकांनी तोंडावरचे पदर खाली घेतले.

सातवं घर कारभाऱ्यांचं. तिथं सून होती राही, आणि राहीची दोन वर्षांची लेक बकुळा. येसाक्का पोहोचेपर्यंत बाजी परसामागून तिथंही आला होता, आणि राही ओसरीवर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. येसाक्कानं बाजीकडं पाहिलंच नाही. तिनं राहीचा हात धरला आणि डोळे मिटले. हाताला पेजेचा आंबूस वास येत होता.

"तुझी बकुळी कुठाय?"

राहीनं आतल्या बंद दाराकडं पाहिलं. "तेरा दिस झालं, आक्का. काल रडायची. आज रडत बी न्हाई."

तेवढ्यात राहीची सासू धोंडाबाई बाहेर आली. उंच, कडक बाई. तिची स्वतःची तीन लेकरं त्याच खोलीत गेली होती. चौथा मुलगा जगला, तो सावलीनं सोडला म्हणून, असं ती सांगायची. तो आजोळी ताकभातावर वाढला होता, हे तिच्या कधी ध्यानात आलं नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आठ दिस राहिल्यात. मधीच दार उघडलं तर घार पोरीला उचलून न्हेल. माझी तीन न्हेलीत तिनं. ही न्हेऊ द्यायची न्हाई."

राही काकुळतीला आली. "आत्याबाई, एकदा बघू तरी द्या."

येसाक्कानं वाद घातला नाही. तिनं साधंच विचारलं, "घारीच्या आणि पोराच्या मधी कुणी आलं, तर सावली कुणावर पडती?"

"मधी येईल त्याच्यावर," धोंडाबाई म्हणाली.

"मग मी मधी बसती. पोरगी माझ्या मांडीवर दे. सावली माझ्या पाठीवर घीन. आणि पोरगी गेली, तर ह्या समद्या माळा तुझ्या उंबऱ्यावर फोडीन आणि जल्मात कुणाच्या हातात बांगडी भरणार न्हाई."

फोडीन! कासारणीच्या तोंडून तो शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. धोंडाबाई दचकली आणि दारापासून बाजूला झाली.

राहीनं बकुळीला बाहेर आणलं. काय सांगू, मूल कसलं, फडक्यात गुंडाळलेली हाडं होती. येसाक्कानं हिरवी बांगडी तिच्या हातात घातली. ती मनगटावरून कोपरावर गेली, कोपरावरून दंडावर गेली, आणि खांद्याला टेकली. अंगणात एकही माळ वाजत नव्हती.

येसाक्का भर अंगणात बसली, पोरीवर वाकून. राहीनं लापशी शिजवली. पहिल्या दिवशी बकुळीनं तोंड उघडलं नाही. राही लापशीत बोट बुडवून तिच्या ओठांना लावत होती, सुकलं की पुन्हा लावत होती. दुसऱ्या दिवशी ओठ हलले. तिसऱ्या दिवशी बकुळी मोठ्यानं रडली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून एकमेकींकडं पाहत हसल्या. पोराचं रडणं एवढं गोड कुणाला लागलं नसेल.

मग दिवस एकमेकांत मिसळले. धुकं यायचं, जायचं. येसाक्का दुसऱ्या गावांना गेली नाही. आणि एका दुपारी धुकं फाटलं, लख्ख ऊन पडलं आणि घार आली. ती कधी नव्हे इतकी खाली उतरली. तिची सावली कुंपणावरून आली, तुळशीवरून आली, आणि येसाक्काच्या पाठीवर येऊन थांबली. घार उडत होती, सावली हलत नव्हती, असं म्हणतात. लोक ओरडले, "पळ, येसाक्का, आत पळ!" येसाक्का म्हणाली, "गप ऱ्हावा, पोरगी खातीया." आणि तिनं पुढचा घास भरवला. घारीनं सात घिरट्या घातल्या आणि ती डोंगराकडं निघून गेली. सावली मात्र तिच्याबरोबर गेली नाही. येसाक्काच्या लुगड्याच्या पाठीवर पंख पसरल्यासारखा एक काळा डाग राहिला, तो नंतर कितीही धुतला तरी निघाला नाही.

बघायला आलेल्या बायका आधी कुंपणाबाहेर उभ्या असायच्या. मग एकीनं आत येऊन अंडं ठेवलं. एकीनं मूठभर शेंगदाणे आणले. गवळणीनं बाजीला काखेत मारून तांब्याभर दूध आणलं. आणि एका सकाळी, कुणी काही न बोलता, त्या सहा घरांतल्या बायका आपापली खरी पोरं घेऊन आल्या आणि येसाक्कासमोर बसल्या. कारभाऱ्यांच्या अंगणात मोठं पातेलं चढलं. नाक कुणाचं कापायचं? सगळ्यांचंच कापलेलं होतं.

येसाक्का रोज सकाळी बकुळीच्या हातात बांगडी सरकवायची. खांद्यापर्यंत जाणारी बांगडी दंडाच्या मध्यावर थांबायला लागली. मग त्याच्याही खाली. पंचेचाळिसाव्या दिवशी ती कोपराशी आली आणि अडली. येसाक्कानं हलकेच ढकलून पाहिलं. अडली ती अडलीच. आणि तिच्या खांद्यांवरच्या सगळ्या माळा वाजायला लागल्या, वारा नसताना.

इतके दिवस धोंडाबाई आत पाठ फिरवून बसली होती. तो आवाज ऐकून ती बाहेर आली. तिनं स्वतःच्या हातानं बांगडी काढली, पुन्हा घातली, पुन्हा सरकवली. तीनदा केलं. मग ती मटकन खाली बसली.

"म्हंजी माझ्या तिघास्नी सावली न्हवती?"

धोंडाबाईनं वळून आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं.

"मीच उपाशी ठिवली की गं त्यास्नी. मागायची गं. दाराआडनं खायला मागायची. मी कानावर हात ठिवून बसायची."

राही सासूजवळ जाऊन बसली. येसाक्कानं धोंडाबाईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बांगड्या भरायला धरतात तसे धरले, आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

"तुला कुणी सांगितलं न्हवतं, धोंडा."

"सांगितलं असतं तर?"

"तर तू दिलं असतंस."

धोंडाबाई खूप रडली. तीस वर्षांचं रडणं होतं ते, लवकर कसं संपेल? संपलं तेव्हा तिनं तोंड धुतलं, पदर खोचला आणि ती शेजारच्या घरात सांगायला गेली. तिथून पुढच्या घरात. उरलेलं सगळं आयुष्य ती सांगतच होती. वरच्या वाडीला गेली, नदीपलीकडं गेली. लोकांनी हाकललं तर अंगणात बसून सांगितलं.

बांगडी अडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येसाक्का घाट चढायला लागली. तिची पाठ, पाठीवरचा तो डाग, आणि मग धुकं. किणकिण बराच वेळ ऐकू येत होती. ती पुन्हा आली नाही. कुणी म्हणतात, सावलीनं तिला नेलं. कुणी म्हणतात, तीच घार झाली आणि आता खोऱ्यावर राखण करते. मला विचाराल तर बाई म्हातारी झाली होती, कुठंतरी शांतपणे गेली असेल. पण असं बोललं की गाव माझ्याशी चार दिवस बोलत नाही. हिरवी बांगडी तेवढी ती राहीच्या देव्हाऱ्यात ठेवून गेली. राहीनं ती दुसऱ्याच दिवशी देव्हाऱ्यातून बाहेर काढली. शहाणी होती राही.

आजही उंबरखोऱ्यात दर पौर्णिमेला सकाळी पोरं पारावर जमतात आणि येसाक्काच्या नावानं त्यांना बांगडी लावतात. तीच बांगडी आहे की तिसरी-चौथी, कोण जाणे. ती कोपर ओलांडून गेली तर कुणी घराचं नाव घेत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवून आणतात, आणि पोराची लापशी सात घरं पाळीपाळीनं शिजवतात, बांगडी अडेपर्यंत. आणि आमच्याकडं माजघराच्या आतल्या खोलीला चौकट असते, दार नसतं. नवीन सिमेंटची घरं बांधली त्यांनीही लावलेलं नाही.

घरात मूल जन्मलं की पाच बायका बाळंतिणीला येसाक्काच्या हिरव्या बांगड्या भरायला जातात. बांगड्या भरून झाल्या तरी हात सोडत नाहीत. तो हातात धरूनच सगळं सांगतात, लापशीपासून मीठसाखरेच्या पाण्यापर्यंत, बाळाला लस टोचण्यापर्यंत. मग थोरली विचारते, "सांगितलं गं बाई, ऐकलंस?" एखादी पोर लाजते, एखादी दमलेली असते, एखादीला झोप अनावर झालेली असते. पण तिनं "ऐकलं" म्हटल्याशिवाय तिचा हात सोडायचा नाही, अशी आमच्या गावची रीत आहे.